अंड्यांचा चोर

वसईच्या आमच्या जुन्या घरात, आतल्या खोलीच्या कोपऱ्यात, निष्कलंक मातेची एक मूर्ती होती. निळी ओढणी, जोडलेले हात आणि पायाखाली दबलेला हिरवा साप. आई रोज संध्याकाळी रोझरीच्या आधी ओल्या फडक्याने ती मूर्ती पुसायची. मातेचा चेहरा, हात, पाऊल. तेथवर तिचे फडके येई आणि थांबे. सापाला ते कधी लागले नाही. वर्षानुवर्षे धूळ बसून तो साप काळपट झाला होता. लहानपणी मला त्याचे काहीच वाटत नसे. सापाचे डोके ठेचायचे असते, ही गोष्ट आम्हां भावंडांना जणू प्रार्थनेबरोबरच शिकविली गेली होती. केळीच्या वाडीत, पानवेलीच्या मांडवाखाली, रहाटाच्या खळग्यात साप निघाला की वडीलमाणसे काठ्या घेऊन धावत आणि आम्ही मुले मागून ओरडत जात असू. मेलेला साप कोणत्या जातीचा होता असे कोणी विचारल्याचे मला आठवत नाही.

ही शिकवण घेऊनच मी १९८९ साली मानवतला गेलो.

बँकेतल्या नोकरीत बदली चुकत नाही, हे ठाऊक होते. तरी परभणी जिल्हा म्हटल्यावर घरात थोडी रडारड झालीच. मनमाडला गाडी बदलायची, मीटरगेजच्या डब्यात बसून मानवत रोडला उतरायचे आणि तेथून काही किलोमीटरवरच्या गावात एस.टी.ने जायचे, असा तो प्रवास होता. समुद्राच्या वाऱ्याची आणि झाडांच्या सावलीची सवय असलेल्या आम्हांला ती काळी, उघडी, क्षितिजापर्यंत पसरलेली जमीन पहिल्या दिवशी परकी वाटली. कापसाच्या हंगामात मात्र मोंढ्यात गाड्यांच्या रांगा लागत, जिनिंगमधून उडालेली सरकीची तूस रस्त्यावर पांढरी पसरे, आणि गाव एकदम जिवंत होई. हळूहळू आम्ही रुळलो. गावाच्या कडेला एका कापूस व्यापाऱ्याचे जुने घर भाड्याने मिळाले होते. मागे परसू, परसूच्या पलीकडे मालकाचे शेत आणि शेतात आखाडा. आखाड्यावर मालकाचा म्हातारा सालगडी राहात असे. सगळे त्याला मामा म्हणत, म्हणून आम्हीही मामाच म्हणू लागलो.

माझ्या पत्नीचा जीव कोंबड्यांवाचून रमेना. तिने बाजारातून चार गावठी कोंबड्या आणल्या, परसूत एक खुराडे करून घेतले. दुसऱ्या वर्षी, उन्हाळा संपता संपता, त्यांपैकी एक खुडूक बसली. पत्नीने कौतुकाने तिच्याखाली अकरा अंडी ठेवली. आमची मुलगी तेव्हा सहा वर्षांची होती. ती रोज सकाळी खुराड्यापाशी जाऊन पिल्लांची चौकशी करी.

एका सकाळी तिने येऊन सांगितले, "पपा, नऊच आहेत." दोन दिवसांनी सात राहिली. कोठे फुटके कवच नाही, पिवळा डाग नाही. जणू अंडी विरघळून गेली होती. असे काम सापाशिवाय कोणाचे असणार? शेजाऱ्यांनीही मान डोलाविली. साप अंडी गिळतो, हे सर्वांनाच माहीत होते.

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला होता. रात्री वीज गेलेली. पत्नी कंदील घेऊन परसूत गेली आणि तेथूनच तिने हाक मारली. खुराड्याच्या कुडालगत एक बारीकसा साप चालला होता. मी दाराआडची काठी घेतली. तो पळत होता, एवढे मला पक्के आठवते. माझ्याकडे येत नव्हता. पहिला घाव चुकला, दुसरा लागला, आणि मग, खरे सांगायचे तर, जरुरीपेक्षा कितीतरी अधिक घाव मी घातले. दारात मुलगी उभी होती. काही तरी कर्तबगारी केल्याच्या भावनेने मी तिच्याकडे पाहिले. ती आत निघून गेली.

आवाज ऐकून मामा आला. त्याने कंदील खाली धरला, काठीच्या टोकाने साप उलथापालथा केला.

"सायेब, कामून मारलं ह्येला?"

"अंडी खात होता, मामा."

"पोट बगा की त्याचं. अंडं गिळलं असतं तर दिसलं नसतं का?" आणि जरा थांबून तो म्हणाला, "ह्येच्यात काई नव्हतं, सायेब. गरीब जनावर."

साप पोटाशी सरळ, सपाट होता. माझ्या करंगळीहून किंचित जाड. मी गप्प राहिलो. मामाने तो काठीवर उचलला आणि अंधारात बांधाकडे नेला.

दोन दिवसांनी आणखी एक अंडे गेले. तिसऱ्या दिवशी पहाटे मामाने आम्हांला खिडकीशी बोलावले. कुडाच्या खालच्या भगदाडातून एक मुंगूस आत शिरले होते. अगदी शांतपणे त्याने एक अंडे बाहेर आणले आणि आखाड्याच्या दिशेने नेले. मामा हसला. पत्नी हसली नाही. मी त्या दिवशी भगदाड बुजविले आणि विषय संपला असे समजलो.

माझी धाकटी बहीण धर्मभगिनी आहे. त्या काळी ती पूर्व आफ्रिकेत, टांझानियातल्या एका आडगावच्या दवाखान्यात परिचारिका होती. मी तिला लिहिलेल्या पत्रात हा किस्सा गमतीने लिहिला: साप फुकट मेला, चोर मुंगूस निघाले. तिचे उत्तर दीड महिन्याने आले. घरची खुशाली विचारून तिने लिहिले होते, "दादा, साप कसा होता, ते तू लिहिले नाहीस." आणि पुढे तिने तिच्याकडची हकिकत सांगितली होती. ते पत्र अजून माझ्याजवळ आहे. तिच्या शब्दांत नव्हे, माझ्या शब्दांत ती हकिकत येथे देतो.

तिच्या आश्रमातही कोंबड्या होत्या आणि तिथेही अंडी जात. एका संध्याकाळी राखणदाराने आरडाओरडा केला. खुराड्यात एक तपकिरी साप वेटोळी घालून बसला होता, पाठीवर गडद चौकटी. त्याने अंग फुगविले होते, आणि वेटोळी एकमेकांवर घासून तो तापल्या तव्यावर पाणी शिंपडावे तसा चरचर आवाज काढीत होता. मधूनच तोंड वासून झेप घेतल्यासारखे करी. तोंडाचा आतला भाग काळाकुट्ट. सर्वांनी त्याला तिथला विषारी नाइट ॲडर ठरविले. काठ्या आल्या. तेवढ्यात गावातल्या शाळेचे एक वृद्ध शिक्षक पुढे झाले. त्यांनी सर्वांना मागे सारले, थोडा वेळ सापाकडे नीट पाहिले आणि मग तो हातात उचलला. त्याचे तोंड उघडून दाखविले. दात जवळजवळ नव्हतेच. माझ्या बहिणीने लिहिले होते, की दवाखान्यातल्या तान्ह्या बाळांच्या हिरड्या तिला आठवल्या.

तो आफ्रिकेतला अंडीखाऊ साप होता. लिनियसने १७५८ सालीच त्याला शास्त्रीय नाव दिले होते. आफ्रिकेच्या फार मोठ्या भागात तो आढळतो. बहुधा दोन-अडीच फुटांचा, क्वचित मीटरभर. जगातल्या बहुतेक सापांना उंदीर, बेडूक, सरडे, पाली असे काही ना काही जिवंत भक्ष्य लागते. हा मात्र आयुष्यभर केवळ पक्ष्यांची अंडी खाऊन जगतो. जिवंत काही धरायचेच नाही, म्हणून धरून ठेवणारे दात नाहीत. मारायचे नाही, म्हणून विष नाही.

त्या शिक्षकांनी साप एका टोपलीत ठेवून पुढे एक अंडे ठेवले आणि माझ्या बहिणीला ते सारे पाहायला मिळाले. सापाने आधी जिभेने अंडे चाचपले. नासके किंवा आत पिल्लू वाढलेले अंडे त्याला वासावरूनच कळते आणि तो ते सोडून देतो. मग अंगाच्या वेटोळ्याचा आधार देऊन त्याने जबडा अंड्यावर चढवायला सुरुवात केली. अंडे त्याच्या डोक्याच्या कितीतरी पट मोठे. हनुवटीखालची कातडी ताणून ताणून पातळ होते, खवले दूर दूर होतात आणि मधली त्वचा दिसू लागते. बघणाऱ्याला वाटते, आता हा फाटणार. पण अंडे हळूहळू, सबंध, घशात उतरते.

खरे नवल त्यापुढे आहे. त्याच्या मानेच्या काही मणक्यांना खालच्या बाजूने टोके असतात आणि ती टोके थेट अन्ननलिकेत उतरलेली असतात. अंडे तेथवर पोचले की साप मान वाकवितो, स्नायू आवळतो, आणि ती टोके करवतीसारखी कवचात घुसतात. अंडे आतल्या आत फुटते. सारा रस पोटात जातो, एक थेंब बाहेर सांडत नाही. मग पिळून चपटे झालेले कवच, आतल्या पापुद्र्याला चिकटून राहिलेले, नीट घडी घातल्यासारखे तोंडातून बाहेर येते. बहिणीने लिहिले होते, की ती घडी तिने उचलून तळहातावर घेतली; कागदाच्या पुडीइतकी हलकी होती. पक्ष्यांचा विणीचा हंगाम संपला की हा साप महिनोन् महिने उपाशी राहतो. हंगामात खाल्लेल्यावर वर्ष काढतो.

आणि ती चरचर? ती उसनी. या सापाच्या बाजूच्या खवल्यांना दातेरी कडा असतात. त्या एकमेकींवर घासून तो आवाज काढतो. आपल्या कोकणातल्या वाचकांना फुरसे ठाऊक आहे. चिडले की तेही अंग अंगावर घासून असाच आवाज करते. फुरशाचे भाऊबंद आफ्रिकेतही आहेत. जिथे जो विषारी साप, तिथे त्याच्यासारखे रंग, त्याच्यासारखी वेटोळी आणि त्याच्यासारखा आवाज या अंडीखाऊ सापाने उचललेला दिसतो. चावायला दात नसलेल्या जिवाने दुसऱ्याची दहशत पांघरून जगायचे ठरविले. पशुपक्ष्यांपुढे हे सोंग चालते. माणसापुढे तेच त्याच्या जिवावर उठते. कारण पशू भ्यायला की पळतो, माणूस भ्यायला की मारतो.

पत्राच्या शेवटी बहिणीने पुन्हा विचारले होते: "तुझा साप कोणता होता रे?"

मी उत्तर लिहायला बसलो आणि माझ्या ध्यानात आले, की मला ते ठाऊक नाही. त्याचा रंग मला आठवेना. पाठीवर ठिपके होते की पट्टे, डोके रुंद होते की निमुळते, काहीच आठवेना. कंदिलाच्या उजेडात मी त्याला दोन मिनिटे पाहिले होते, मारताना पाहिले होते, मेल्यावर पाहिले होते. आणि तरीही पाहिले नव्हते. मामाने एका दृष्टिक्षेपात त्याचे पोट पाहिले, त्याचे गरीबपण ओळखले. मी फक्त माझी काठी कोठे पडते ते पाहात होतो. बहिणीला मी लिहिले, "अंधार होता." ते पूर्ण खरे नव्हते.

१९९४ साली माझी मानवतहून बदली झाली. निघताना मामा मोटारस्टँडपर्यंत आला. त्याने मुलीच्या हातात एका फडक्यात बांधलेल्या भुईमुगाच्या शेंगा दिल्या. सापाचा विषय त्यानेही काढला नाही आणि मीही नाही.

पुढे पुष्कळ वर्षांनी, निवृत्त होऊन वसईला परतल्यावर, मला कळले की अंडी खाऊन जगणारा साप आपल्याही देशात आहे. योहानेस राइनहार्ट या डॅनिश शास्त्रज्ञाने १८६३ साली त्याचे प्रथम वर्णन केले, ते आज बांगलादेशात असलेल्या रंगपूरच्या एका नमुन्यावरून. त्यानंतर दीर्घकाळ त्याचे अगदी मोजके नमुने, तेही मुख्यतः उत्तर बंगाल, बिहार या बाजूचे, शास्त्रज्ञांच्या हाती होते. हा साप आता उरला आहे की नाही, अशीच शंका होती. आणि मग तो सापडला तो आपल्या महाराष्ट्रात, विदर्भात, वर्धा जिल्ह्यात. वर्ध्याचे पराग दांडगे, सर्पतज्ज्ञ अशोक कॅप्टन आणि त्यांचे सहकारी यांनी केलेली राज्यातली पहिली शास्त्रीय नोंद २००५ साली प्रसिद्ध झाली. पुढे अमरावती जिल्ह्यातून आणि इतर राज्यांतूनही त्याच्या नोंदी झाल्या. दुर्मीळ म्हणून कायद्याने त्याला वाघाच्या पंक्तीला, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, बसविले आहे.

हाही बारीक अंगाचा, अडीच फुटांच्या आसपासचा. रंग तपकिरी ते काळसर, चकाकता. बाजूंवर फिकट शिंतोडे, आणि मानेपासून शेपटीपर्यंत पाठीवरून गेलेली एक फिकट पिवळसर रेघ. माणसाला त्याच्यापासून काही भय नाही. याच्याही मानेच्या मणक्यांना तशीच टोके, तीही तशीच अन्ननलिकेत उतरलेली. साहजिकच पुष्कळ काळ लोकांना वाटे, की हा आफ्रिकेतल्या त्या सापाचा सख्खा भाऊ असावा. पण २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने दाखविले, की त्याचे खरे गोत आपल्याकडच्या मांजऱ्या सापांचे आहे. म्हणजे दोन खंडांत, दोन वेगळ्या घराण्यांत, अंडे फोडण्याची तीच युक्ती स्वतंत्रपणे घडली. एकाने दुसऱ्याची पाहून ती घेतली नाही. निर्मात्याच्या कामाची मला जी थोडीफार ओळख आहे तिच्यात या गोष्टीने मोठी भर घातली. धान्याच्या शेतांच्या बांधावर, झुडपांत, लहान पक्ष्यांच्या घरट्यांच्या आसपास, रात्री कोणाच्या लक्षात न येता हे असे जीव हिंडत असतात, आणि आपल्याला त्यांची वार्ताही नसते.

मानवतला माझ्या काठीखाली मेलेला साप हाच होता, असे मी मुळीच म्हणणार नाही. परभणीकडच्या शेतांत निरुपद्रवी सापांच्या कितीतरी जाती आहेत. मण्यार समजून रोज मारला जाणारा कवड्या आहे, नानेटी आहे, कुकरी आहे, तस्कर आहे. त्यांपैकी कोणीही तो असू शकेल. मला बोचते ते हेच, की तो कोण होता हे सांगण्याचा अधिकार मी त्याच रात्री गमावला.

सापाचे भय खोटे आहे, असेही मी म्हणत नाही. शेतकऱ्यांच्या घरांत मी ते दुःख पाहिले आहे. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात आपल्या देशात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८,००० माणसे मृत्युमुखी पडली. अनवाणी पायाने पहाटे पाणी द्यायला जाणाऱ्या, जमिनीवर झोपणाऱ्या गरिबांचे हे मरण आहे. त्यांना भिऊ नका असे पंख्याखाली बसून सांगणे सोपे असते. पण आपल्या देशात सापांच्या तीनशेहून अधिक जाती आहेत आणि या मृत्यूंना मुख्यतः नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चौघे कारण आहेत. ज्याला हे चौघे नीट ओळखता येतात त्याचा जीव अधिक सुरक्षित असतो. न बघता काठी चालविणारा तर सापाच्या अगदी जवळ जातो, आणि दंश तिथेच होतो. मामाला हे कोणी शिकविले नव्हते. त्याने पन्नास वर्षे त्याच जमिनीवर बघून बघून ते मिळविले होते.

अलीकडे मला जुन्या करारातला वाळवंटातला प्रसंग पुन्हा पुन्हा आठवतो. लोकांना सर्पदंश होऊ लागले तेव्हा मोशेने देवाच्या आज्ञेने पितळेचा साप करून खांबावर उभारला. ज्याला दंश झाला त्याने त्याच्याकडे पाहायचे होते. काठी घ्यायची नव्हती, पळायचे नव्हते; मान वर करून, जिची भीती वाटते त्याच गोष्टीकडे पाहायचे होते. किती तरी वेळा मी हे वाचन मिस्सामध्ये ऐकले आहे. त्या खांबात आपल्या प्रभूच्या क्रुसाची खूण आहे, हेही ऐकले आहे. पण बरे होण्यासाठी आधी पाहावे लागते, हा साधा भाग माझ्या कानावरून तसाच गेला होता.

दोन वर्षांपूर्वी नाताळात मुलगी आपल्या मुलांना घेऊन घरी आली होती. भारतीय अंडीखाऊ सापाचे एक छायाचित्र मी तिला दाखविले. पाठीवरची फिकट रेघ, चकाकते अंग. मनात एक आशा होती. तेव्हा ती सहा वर्षांची होती, लहान मुलांची नजर तीक्ष्ण असते.

"मानवतचा साप तुला आठवतो का गं? असा होता का?"

तिने चित्र बराच वेळ पाहिले. मग माझ्या हातात परत दिले.

"साप नाही आठवत, पपा," ती म्हणाली. "मला तुमची काठी आठवते."

आईची ती मूर्ती आता आमच्या नव्या घरात आहे. मी ती पुसतो तेव्हा मातेच्या पावलाशी फडके थांबत नाही. त्या सापाचा अर्थ मला ठाऊक आहे; तो बांधावरचा साप नव्हे, हेही आता ठाऊक आहे. त्याच्यावरची धूळ मी पुसून टाकली. खाली रंग अजून हिरवा आहे.